खडपावरची परकी

एकोणीसशे शहात्तर साल. मी शेहेचाळीस वर्षांचा होतो. हे वय आईच्या हिशोबाचं. ती म्हणायची, पापलेट अमाप आलं त्या साली तू झालास. आणि पापलेटाची सालं तिच्या ध्यानात पक्की असायची, माणसांची थोडी इकडेतिकडे व्हायची.

आता सत्तरीला आलोय. शाळा तिसरीपर्यंत. तिसरी शिकलेल्याने लिहावं का, असं ज्याला वाटत असेल त्याने इथेच थांबावं, मी त्याला धरून ठेवलेलं नाही. नवरात्र उलटलं की आमच्या घिवलीला समुद्राचा गढूळपणा खाली बसतो, पाणी हिरवं होतं, आणि संध्याकाळच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीचं पाणी पार आत गेलं की, खडप उघडं पडतं. मग एक वास येतो. शेवाळाचा, मिठाचा, दिवसभर तापलेल्या दगडाचा. तो वास घरात शिरला की माझी बायको हिरा आतून म्हणते, "दार लावा." मी लावत नाही. ओट्यावर बसून राहतो. तीही पुन्हा सांगत नाही. इतक्या वर्षांत आमचं या एका बाबतीत एवढंच बोलणं होतं.

खडप म्हणजे आमच्या किनाऱ्याचा काळा दगड. लांबून येणाऱ्याला तो एकच वाटतो. आमच्यात तो वाटून घेतलेला होता. ही चीर हिची, हा खळगा तिचा. कागद नाही, कुंपण नाही. सासू नव्या सुनेला एकदा हाताला धरून फिरवायची आणि सांगायची, हितनं हितवर आपलं. माझ्या आईने हिराला दाखवलेला तुकडा पार पुढचा, मोठ्या सुकतीलाच उघडा पडणारा. म्हणून तिथली कालवं तळहाताएवढी. सकाळी उजाडता उजाडता बायका गुडघ्यावर बसायच्या आणि लहानशा लोखंडी कोयतीने वरची शिंप उडवून आतलं कालव तांब्यात टाकायच्या. टक. टक टक. पंचवीस-तीस कोयत्यांचा तो आवाज घरात झोपलेल्या माणसाला ऐकू यायचा. त्यात बायकांची भांडणं, हसणं, एखादीच्या नवऱ्याची नक्कल. माझीही करत असत, मला माहीत आहे. तांदळाची भाकरी आणि नुसत्या लसूण-मिरचीवर परतलेली कालवं. त्यात नारळाचं वाटण घालणाऱ्या माणसाशी माझं कधी जमलं नाही.

आणि एक रीत होती. लेक लग्न होऊन गेली की पुढच्या हंगामाची पहिली टोपली तिच्या सासरी जायची. ही कालवं फोडायची नाहीत. छिन्नीने बुडापासून अख्खी सोडवायची, बंद तोंडाची, आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. बापाने स्वतःच्या होडीने न्यायची. तिथे सगळ्यांसमोर फोडायची, खायची, आणि रिकाम्या शिंपा लेकीने आपल्या हाताने सासरच्या समुद्रात सोडायच्या. मग माहेर तिथे रुजतं, असं बायका म्हणत.

त्याच वैशाखात आमची कमळी माहीमला दिली होती. केळव्याजवळचं माहीम. लग्नाच्या पंगतीत विहीणबाई आपल्या गावच्या मासळीचं कौतुक सांगत होत्या. मला ते सोसवेना. मी भर पंगतीत म्हणालो, "विहीणबाय, आमच्या खडपाची कालवं एकदा खा. तुमचं माहीम तुमीच विसराल." लोक हसले. निघताना कमळी रडत होती, पण रडता रडता म्हणाली, "बा, होडीनंच ये हां. एसटीनं नको. होडीनं आलास की सगल्यांना दिसंल."

श्रावणात पाण्यात घातलेली होडी नवरात्रात वर ओढली, तेव्हा तळाला काहीतरी लागलं होतं. नखाएवढ्या शिंपल्या, तपकिरी-काळ्या, जांभळाच्या घोसासारख्या एकमेकींना बिलगलेल्या. ओढल्या तरी सुटत नव्हत्या. बारीक केसासारख्या धाग्यांनी लाकडाला धरून होत्या. तळाला नेहमी काही ना काही चिकटतंच, पण ही जात आमच्यातली नव्हती. बायकांनी दोन दिवसांत तिला नाव देऊन टाकलं: परकी.

परकीच्या आधी बाई आली होती. नलिनीबाई. गणपतीनंतर मुंबईच्या कुठल्याशा संस्थेतून आली, मास्तरांच्या घरी राहिली. तिशीतली, पदर खोचलेला, डोक्याला टॉवेल. तिने खाडीत बांबूचा तराफा बांधला आणि त्याला लाकडाच्या आणि काचेच्या फळ्या दोरीने पाण्यात टांगल्या. दर पंधरवड्याला त्या वर काढायची, काय चिकटलंय ते बघायची आणि पुन्हा सोडायची.

हिरा पहिल्याच दिवशी तिला म्हणाली, "बाय, लोक कपडे वालत घालतात, तू फल्या घातल्यास?"

"वाळत नाही हो, भिजत घातल्यात."

"मंग शिजवणार कवा?"

बाई इतकी हसली की तराफ्यावरून घसरली. त्या दिवसापासून तिचं जेवण आमच्याकडे.

ती पाण्याची उष्णता मोजायची, नळीत बसवलेल्या काचेच्या कांडीने. म्हणायची, समुद्र निवायला हवा तेव्हा निवत नाहीये. मी म्हणालो, "ते मला हात घातल्यावर कलतं." होडीचा म्होरक्या म्हणून गाव मला तांडेल म्हणतं, तीही तसंच म्हणाली, "तांडेल, एवढासा फरक हाताला कळत नाही." मी तिला आजही सांगेन, मला कळत होता. कार्तिकात सकाळी पाण्यात उतरलं की पोटऱ्यांना जो चटका बसायचा, तो त्या साली बसलाच नाही. ती ऐकून घ्यायची आणि कांडीच बघायची.

परकी कुठून आली, तेही तिने सांगितलं. कुठल्यातरी लांबच्या समुद्राची. मोठ्या जहाजांच्या तळाला चिकटून येते, बंदरात उतरते, तिथून लहान होड्यांना धरून पुढे. "कालव ठरलेल्या दिवसांतच बी सोडतं," ती म्हणाली, "हिला मात्र पाणी ऊबदार मिळालं की ही कधीही सोडते. थंडी हिला आवरते. थंडीच नसेल तर आवरणार कोण?" मग पाणी तापवतं कोण, यावर गावात रोज वाद. शेजारी वीज तयार करणारा कारखाना, तेव्हा बोटं तिकडे गेली. कुणी जहाजांना शिव्या घातल्या, कुणी कलियुगाला. बाई म्हणायची, "एका वर्षाच्या मोजण्यावर मी कुणाचं नाव घेणार नाही. सगळा समुद्रच थोडा थोडा तापत असेल." मीही घेत नाही. जे मला माहीत नाही ते मी बोलत नाही, म्हणून या गावात माझं बोलणं ऐकतात.

खडपावर परकी दसऱ्याच्या सुमाराला चढली. आधी चिरांमध्ये, मग चिरांतून वर. कालवांवर बसली, त्यांच्या तोंडाभोवती धागे गुंडाळले. भरती आली की कालव पाणी प्यायला तोंड उघडतं, ते उघडेना. कोयतीने फोडलं की आत काळं पाणी आणि घाण. सकाळचा टक टक आवाज विरळ झाला. कुणी हसेना. बायका रिकामे तांबे घेऊन लवकर परतायच्या. मला मात्र एकच दिसत होतं: माहीमचा ओटा, त्यावर बसलेल्या विहीणबाई, आणि टोपली.

मग मी ठरवलं, खडप शेकायचं.

होडीचा तळ आम्ही शेकतोच. वर ओढायची, खालून पेंढा आणि झावळ्या पेटवायच्या, चिकटलेलं सगळं मरतं, मग खरवडून तेल चोपडायचं. आजोबांपासून चालत आलेलं. जे होडीला चालतं ते दगडाला का चालू नये? गावाला पटलं. बाईला नाही. ती संध्याकाळी ओट्यावर येऊन उभी राहिली.

"सगळं जाळू नका, तांडेल. अर्धं ठेवा."

"अर्धं कुनासाठी? तुज्या फल्यांसाठी?"

"मोकळा झालेला दगड आधी कोण धरेल, हे मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे?"

"मला हाय. कालव धरंल. दगड त्याचा हाय."

तेवढ्यात हिरा दारात आली, हात पदराला पुसत. म्हणाली, "माजा तुकडा नाय जालायचा."

मी म्हणालो, "काय?"

"सासूनं माज्या हातात दिलाय. तुमच्या नाय. नाय जालायचा."

अख्ख्या गावाला मी हो म्हणायला लावलं आणि माझ्याच घरातून नाही आलं. मला वाटलं, बाईने शिकवलं. मी दोघींशी बोलणं टाकलं. जेवण वाढलं की जेवत होतो, एवढंच.

दिवाळीच्या अमावास्येची पहाट. पालघर-बोईसरच्या बाजूला लोकांनी दारात पणत्या लावल्या असतील. आम्ही समुद्रात दगड पेटवला. बाया-बाप्ये, म्हातारे, सगळे डोक्यावर पेंढ्याचे भारे घेऊन पाण्यातून गेले. आधी खरवडलं, मग पेंढा अंथरला, मग आग. इकडून तिकडे, पार टोकापर्यंत आग. शिंपल्या फुटत होत्या तड तड, जशा लाह्या. धूर पाण्यावर पसरला आणि त्यातून सूर्य तांबडा वर आला. म्हाताऱ्या काशीने शिमग्यासारखी बोंब ठोकली, मग सगळ्यांनी ठोकली. "तांडेल, आता रंग पन खेलू!" कुणीतरी ओरडलं. त्या पहाटेइतका मी आयुष्यात कधी ताठ उभा राहिलो नाही. भरतीचं पाणी तापलेल्या दगडावर चढलं तेव्हा चर्र आवाज झाला आणि सगळं खडप वाफेने झाकलं. पुढच्या टोकाला तेवढा हिराचा तुकडा काळा राहिला होता. ती त्याच्यावर एकटी बसली होती, पाठ आमच्याकडे, आणि बोटांनी एकेक परकी उपटत होती.

दगड काही दिवस पांढरट, मेल्यासारखा. मग त्यावर बुळबुळीत थर आला. मग, थंडी पडायला हवी होती आणि पडली नव्हती त्या दिवसांत, एका सुकतीला काशी ओरडत आली, "बी धरलंय! बी धरलंय!" सगळे धावले. जळलेल्या दगडावर तिळाएवढे ठिपके, दाट, हात फिरवला की खरखरीत. कालवाचं बी. मी गुडघ्यावर बसलो आणि तळहात टेकवला. कसं सांगू. कमळी झाली तेव्हा तिच्या टाळूवर असाच हात ठेवला होता.

बाईला विचारलं. ती भिंग लावून बराच वेळ बघत राहिली. "एवढ्यात सांगता येत नाही," म्हणाली, "थोडं वाढू दे." मला तिचा रागही आला नाही. तिला काय कळतंय, म्हणून सोडून दिलं.

त्यानंतर आम्ही त्या खडपाला जसं जपलं तसं पाळण्याला जपत नाहीत. कुणी पाय ठेवायचा नाही. बायका कमरेएवढ्या पाण्यातून वळसा घालून जायच्या. बगळे उतरले की मी ओट्यावरून ओरडत खाली पळायचो. पाचवी पुजतात तसं बायकांनी दगडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी माहीमला जाणाऱ्या माणसाकडे निरोप धाडला, टोपलीला जरा उशीर होईल, पण येईल. होडीनेच येईल. घरात हिराशी पुन्हा बोलायला लागलो, जिंकलेला माणूस बोलतो तसा. ती ऐकायची, आणि मोठी सुकती लागली की आपल्या तुकड्यावर जायची. तिथेही परकी वाढतच होती, फक्त सावकाश. ती उपटायची, पुढच्या मोठ्या सुकतीला तेवढीच पुन्हा असायची. बोटांची कातडी गेली होती, हळद लावून चिंध्या बांधायची.

संक्रांत झाली. एका सकाळी बाईने मला हाक मारली. खडपावर ती एकटीच उभी होती.

"तांडेल, तुम्हीच बघा," म्हणाली आणि भिंग माझ्या हातात दिलं.

मी वाकलो. ठिपके आता डाळीएवढे झाले होते. एका टोकाला निमुळते. कालव दगडावर आपलं अंगच चिकटवतं, चुना लावल्यासारखं; त्याला धागा नसतो. भिंगातून मला धागा दिसला. दुसऱ्याला बघितलं. तिसऱ्याला. लांबवर जाऊन एकाला बघितलं. सगळ्यांना धागा होता.

"तुजी काच खोटी हाय," मी म्हणालो.

"असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

"आनि तुजं काय? अर्धं ठेवा म्हनालीस. ठेवलेल्यावर काय झालं?"

"तेच झालं. थोडं उशिरा."

आम्ही दोघं तसेच उभे. भरती पायाला लागली तरी कुणी हललं नाही. पाणी कोमट होतं. हे मी तिला बोललो नाही.

घरी आलो तर हिरा मागच्या दारी बसलेली. समोर टोपली. गोणपाट बाजूला केलं तर अख्खी कालवं, बंद तोंडाची, टोपलीभर. टोपली लहान होती, पण भरलेली होती. गेले दोन महिने तिने जिवंत राहिलेली एकेक हेरून, तोंड सोडवून, एका खळग्यात पाण्याखाली जपली होती. तुकडा जाळू दिला नाही तो बाईसाठी नव्हता. कमळीच्या टोपलीसाठी होता.

"उद्या जावा होडीनं," ती म्हणाली. "पोर वाट बगत असंल."

बाई माझ्या मागून आली होती. ती टोपलीजवळ उकिडवी बसली, एक कालव उचललं आणि बोटाने त्याच्या पन्हळी दाखवल्या. त्यांत धुळीसारखे कण, परकीचं बी. "हे कण धुतले तरी जात नाहीत. शिंपा माहीमच्या पाण्यात पडल्या की तिथे सुरू होईल. होडीच्या तळालाही आहे. ती तिकडे नेऊ नका."

हिरा म्हणाली, "मंग?"

"फोडून नुसतं मांस न्या. एसटीने."

"फोडलेली कालवं बाजारात भेटतात," मी म्हणालो. "पयल्या टोपलीत नसतात." मग मी तिला विचारलं, "मी नाय नेली तर माहीमला परकी जानार नाय?"

तिने कालव परत टोपलीत ठेवलं. "जाईल. दुसऱ्या होड्या जातातच. उशीर होईल एवढंच."

"किती?"

"माहीत नाही."

तिचं बोलणं खरं झालं. पुढल्याच्या पुढल्या साली कमळी बाळाला घेऊन आली, तेव्हा पिशवीतून तिने एक दगड काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर परकी. "बा, आमच्याकडंबी आली." सातपाटीच्या लोकांनीही तेच सांगितलं. बाई आणखी एक हंगाम होती, मग गेली. खूप वर्षांनी एकदा येऊन गेली, केस पांढरे, हातात काठी. मी विचारलं, "फल्या नाय टांगायच्या?" म्हणाली, "कशाला? काय चिकटणार ते आता न बघताच सांगता येतं." चहा प्यायली, हिराची बोटं हातात धरून बसली, आणि संध्याकाळच्या गाडीने परतली. खडपावर आता परकीवर परकी बसते, मेलेलीवर जिवंत. अनवाणी गेलं तर पाय कापतात. घरोघरच्या सुना आपलं खडप कुठून कुठवर, हे विचारत नाहीत, आणि सासवा सांगत नाहीत.

पण त्या संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. बाई गेली. हिरा टोपलीकडे बघत म्हणाली, "मंग मी ही भरली कशाला?" तिने दिवा लावला, भाकऱ्या थापल्या, आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत, भरतीचं पाणी कधीच पोचत नाही अशा जागी, उंडीच्या झाडाखाली खड्डा खणला. हिराने टोपली आणून माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. मी कालवं त्यात ओतली, माती लोटली, पायाने दाबली. टोपली विहिरीच्या गोड्या पाण्याने तीनदा धुतली, वर कोरडं फडकं बांधलं, धुवट सदरा घातला आणि एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, "मामा, मासली टपावर टाका, वास मारते." मी म्हणालो, "रिकामी हाय." तो म्हणाला, "मग मांडीवर कशाला धरलीय, खाली ठेवा की." मी ठेवली नाही. बोईसर, पालघर, तिथून माहीम. कमळी ओट्यावरच होती. ती आधी समुद्राकडे बघत होती, मग रस्त्याकडून येणारा मी तिला दिसलो. धावत आली, टोपली घेतली, आणि वजनावरूनच तिला कळलं. तिने फडकं उचललं नाही. तेवढ्यात आतून विहीणबाई आल्या, पाठोपाठ शेजारच्या दोघी-तिघी आल्या.

मी पायातल्या वहाणा काढल्या आणि म्हणालो, "विहीणबाय, आमच्या खडपावर यंदा कालवं नाय."